बयाच्या परड्याचा बंदोबस्त

१७ नोव्हेंबर १९७४, रविवार

उशीर झाल्याबद्दल माफी असावी. ही डायरी साखर कारखान्याकडून जानेवारीतच मिळाली होती. पहिल्या पानावर नाव घातलं: तात्याबा, हवालदार, रिटायर्ड, मु. मलकापूर. मग पेन सापडेना. ते आज सापडलं. मधली सगळी पानं कोरी गेली. माफी कोणाची मागतोय ते मलाही ठाऊक नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. पण सुरुवात रीतसर झालेली बरी.

लिहिण्याचं कारण परडं.

घरामागे बयाचं भाजीचं परडं आहे. बया म्हणजे माझी बायको. श्रावणात गेली. दहाव्याला कऱ्हाडच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या झाडावर बसून मान तिरकी करून बघायचा, पण खाली येईना. सगळ्यांनी कबुल्या देऊन पाहिल्या. भाचा म्हणाला, म्हशीची काळजी करू नगंस. चुलतभाऊ म्हणाला, वर्षश्राद्ध थाटात घालू. कावळा ढिम्म. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी मी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, 'तुझं परडं मी राखीन.' आणि कावळा आला! सर्वांच्या देखत आला, भाताचा घास उचलून गेला. सगळा घाट साक्षीला आहे.

म्हणजे बयाचा जीव परड्यात अडकला होता. दुसऱ्या कशात अडकणार?

तेव्हापासून मी परड्यात पाऊल ठेवलेलं नाही. आधी पाऊस होता, मग चिखल, मग गुडघा, मग दिवाळी. आता सबब उरली नाही. उद्यापासून पहाटे पाचला कामावर. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी बया सगळ्या भाज्यांची मिळून एक भाजी करायची, आणि तिच्यातली एक शेंगसुद्धा बाजारची नसायची. यंदाही नसेल. हा माझा शब्द आहे.

१८ नोव्हेंबर. सकाळी साडेआठ

पाचला उठलो होतो. थंडी फार होती. अंथरुणात पडून कामाची आखणी केली. आखणी हेसुद्धा कामच.

मग इन्स्पेक्शन. परड्याची अवस्था वाईट. लाईन नाही, शिस्त नाही. मेथीत मुळा, मुळ्यात शेपू, कुंपणावर पावट्याचा वेल आणि त्यावर शेंगा वाळून खडखडीत झालेल्या, तशाच सोडलेल्या. एका वांग्याच्या झाडावर एकच वांगं, पिकून पिवळं पडलेलं, आणि त्याच्या देठाला लाल चिंधी बांधलेली. बया इतकी निष्काळजी नव्हती. शेवटी शेवटी नजर कमी झाली असणार.

सगळं साफ करायचं. कोऱ्या जमिनीवरून सुरुवात.

एक गोष्ट लिहून ठेवतो. वाकून गवत काढताना मागून 'आवं' असं ऐकू आलं. वळून बघितलं तर कोणी नाही. बयानं मला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाही, नुसतं 'आवं'. थंडीनं कानात दडा बसतो, त्याचा प्रकार असावा. उद्या कानात तेल घालणे.

२१ नोव्हेंबर

साफ केलं. उपटलेलं सगळं ढीग करून पेटवलं. शेजारची साळूबाई कुंपणावरून ओरडत आली. म्हणाली, 'आवं तात्या, त्ये बियाचं वांगं हुतं! चिंधी बांधलीया दिसली न्हाई व्हय तुमास्नी?' मी म्हणालो, मला सगळं माहीत आहे, मी मुद्दाम जाळतोय, किडीचं बी होतं. ती म्हणाली, 'बयाक्काच्या बियाला कीड? लय झालं.' आणि पदर झटकून गेली.

माहीत नव्हतं. पण वांगं तोवर जळालं होतं, मग कबूल करून उपयोग काय?

२२ नोव्हेंबर

आज घर साफ केलं. माळ्यावर बयाची गाडगी सापडली, एकावर एक उतरंड लावलेली, तोंडाला फडकी बांधलेली. मला वाटलं तूप असेल, निदान गूळ. फडकं सोडलं तर राख. दुसऱ्यातही राख. सगळ्यांत राख, गाडग्याच्या काठापर्यंत.

अंगावर काटा आला. मेलेल्या बाईच्या घरात राख! कोणी घातली, कोणासाठी? कोणी करणी केली असेल का? मनाला नाही नाही ते वाटून गेलं. दिवस मावळायच्या आत सगळी गाडगी उकिरड्यावर रिकामी केली. हात तीनदा धुतले. गोमूत्र शिंपडलं.

जेवण गेलं नाही. राखेचा वास नाकातून जात नाही.

२४ नोव्हेंबर

कऱ्हाडला जाऊन पाकिटातलं बियाणं आणलं. पाकिटावर रंगीत चित्र. मुळा, गाजर, मेथी, वाटाणा. चित्रातला मुळा माझ्या मनगटाएवढा आहे. बया असल्या पाकिटाला कधी हात लावायची नाही. अडाणीपणा.

दोरी धरून सरळ ओळी मारल्या. मुळा पहिला, गाजर दुसरं, मेथी तिसरी, वाटाणा शेवटी. दोन ओळींत एक बूट जाईल इतकी जागा. कंपनी परेडला उभी आहे असं वाटतं. फक्त कंपनी अजून जमिनीखाली आहे.

बी खोल घातलं. पूर्ण बोट आत. मूळ घट्ट धरतं.

२६ नोव्हेंबर. सकाळी सात

कुंपणाच्या खांबावर कावळा. मान तिरकी. तोच.

तोच कशावरून, असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. पण तोच. घाटावरही असाच बघत होता. मी सावधान उभा राहिलो आणि रिपोर्ट दिला: मुळा पेरला, गाजर पेरलं, मेथी पेरली, वाटाणा पेरला. ऐकून घेतलं. मग खाली उतरला आणि वाटाण्याच्या ओळीत चोच घालून एकेक दाणा उपटून खायला लागला.

हाकलू कसा? दगड उचलला आणि ठेवला. बयाला मी आयुष्यात दगड मारलेला नाही. म्हणालो, 'अगं, निदान निम्मा तरी ठेव.' ठेवला नाही.

साळूबाई बघत होती. तिनं विचारलं, 'कावळ्याशी बोलताय व्हय?' मी म्हणालो, पक्ष्यांना मराठी समजतं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार, पौर्णिमा

आज चंद्रग्रहण. साळूबाईनं बजावलं की ग्रहणात झाडाला हात लावायचा न्हाई. लावला नाही. लावायला झाड उगवलेलंच नाही.

दारात बसून बघितलं. चंद्र तांब्यासारखा झाला. त्या काळोख्या उजेडात उकिरड्याकडून पाणी ओतल्याचा आवाज आला. नंतर बादलीच्या कडीचा. बयाच्या बादलीची कडी अशीच वाजायची, एक बाजू सैल होती म्हणून. मी 'कोण हाय?' म्हणालो. जपमाळ घेऊन आत गेलो. भीती वाटली म्हणून नाही. ग्रहणात जप करावा असं आहे.

३ डिसेंबर

बुजगावणं उभं केलं. काठ्यांना माझा जुना मिलिटरी कोट, वर पालथं मडकं. चिमण्यांसाठी आणि साळूबाईच्या कोंबड्यांसाठी. कावळ्याला सूट आहे, हे कावळ्याला सांगितलं.

४ डिसेंबर. पहाटे

तांब्या घेऊन मागे गेलो तर धुक्यात एक माणूस उभा. माझ्याकडे तोंड करून. खांदे पडलेले, हात लांब केलेले, काही मागत असल्यासारखे. मी ओरडलो, 'कोण हाय रं?' तांब्या पडला. जवळ गेलो तर माझाच कोट.

हे लिहायचं नव्हतं. पण मला असं वाटलं की मी बाहेर उभा आहे आणि घरात कोणीच नाही.

नंतर ऊन आलं आणि कावळा येऊन कोटाच्या खांद्यावर बसला. बराच वेळ बसला होता.

७ डिसेंबर, शनिवार

मनुबाई आली. मनुबाई म्हणजे बयाची धाकटी बहीण, पलीकडच्या वस्तीवर राहते. चहा घेतला, परडं बघितलं. मग म्हणाली, 'दाजी, ह्ये शाळंचं पटांगण हाय का परडं?' मी म्हणालो, थांब, उगवेल. मग तिनं विचारलं, 'अंबीचं काय? तिला कागद घातलासा का?' मी म्हणालो, मुळ्याचं बी यंदा बाजारात जुनं येतंय. ती म्हणाली, 'मी अंबीचं इचारतीया.' मी म्हणालो, आणि गाजराचंही तसंच आहे.

अंबू म्हणजे आमची मुलगी. एकुलती. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पण मनुबाई गावभर काहीबाही सांगते, म्हणून खरं काय ते इथे नोंदवून ठेवतो.

अंबूचा नवरा कृष्णात. विट्याकडचा. लांब मद्रासकडे सेलमला सोनं गाळायचं दुकान आहे. मी त्याला आधीच सांगितलं होतं, मिलिटरीत भरती हो, मी साहेबांना चिठ्ठी देतो. त्यानं ऐकलं नाही. दोन वर्षांमागे दिवाळीला जेवायला बसला होता, तेव्हा हसत हसत म्हणाला, 'मामा, तुमी मिलिट्रीत गोळ्या कुटं झाडल्या? गव्हाची पोती मोजली.' मी सप्लायमध्ये होतो, पण पोतं पोहोचलं नाही तर गोळी कोण झाडणार? एवढंच त्याला समजावलं, थोडं मोठ्यानं. लोक म्हणतात, मी जावयाला ताटावरून उठवला. चूक. तो आपण होऊन उठला. मी फक्त दार उघडून धरलं. अंबू त्याच्याबरोबर गेली. जाताना म्हणाली, 'आबा, तुमी बोलावल्याबिगर या दारात पाय ठेवणार न्हाई.' मग मी कशाला बोलावू? मी काय जा म्हणालो होतो?

बया गेली तेव्हा अंबू आली, पण मनुबाईकडे उतरली. दहाव्याला घाटावर आली, लांब पायरीवर उभी राहिली आणि तिथूनच गेली. तिला गाडी गाठायची होती.

विषय संपला.

१० डिसेंबर

मेथी आली! तिसऱ्या ओळीत, दोन दोन पानं, सरळ रेषेत. मुळा आणि गाजर अजून जमिनीतच, पण येतील. कावळ्याला हाक मारून दाखवली. बघितली. काही बोलला नाही. कावळे बोलत नाहीत हे मला माहीत आहे.

आनंदात जेवायला करायचंही विसरलो.

१२ डिसेंबर

या मेथीला खत पाहिजे. दुष्काळी भागातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन इकडे उतरतात, आणि शेतकरी रात्रभर मेंढरं रानात बसवून घेतात. लेंडी आणि मूत यांच्याइतकं खत नाही. बिराप्पाचा कळप ओढ्याकाठी आहे. बिराप्पा जुन्या ओळखीचा. जाऊन त्याला सांगितलं, एका रात्रीसाठी थोडी मेंढरं माझ्या परड्यात बसव.

बिराप्पा चिलीम बाजूला ठेवून म्हणाला, 'तात्या, मेंढरं आदी बसिवत्यात, मग प्येरत्यात.' मी म्हणालो, ते अडाण्याचं काम, मी पेरलेल्याला टॉनिक देतोय. तो म्हणाला, 'आरं गड्या, मेंढरू काय इचारून खातंय व्हय?' मी म्हणालो, बुजगावणं आहे ना. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, 'तुमची मर्जी. उद्या दिवस मावळताना आणतो. पर मागनं माझ्या नावानं बोंब मारायची न्हाई.'

मी म्हणालो, हवालदाराचा शब्द.

१४ डिसेंबर. सकाळी

बिराप्पाच्या नावानं बोंब मारलेली नाही.

मेथी गेली. मुळा-गाजराच्या ओळी कुठे होत्या ते आता दोरी असून सांगता येत नाही. कोटाची उजवी बाही कोपरापर्यंत खाल्ली. वीस मेंढरं होती, आणि एकही मेंढरू कोटाला भ्यालं नाही. उलट एक कोकरू त्याच्या पायाशी निजलं होतं, बिराप्पा सांगत होता. 'तुमच्या कोटाची ऊब बरी हाय,' म्हणाला.

फायदा: लेंडी भरपूर.

कावळा आला. रिकामी जमीन बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी आत निघून आलो. रिपोर्ट दिला नाही.

१९ डिसेंबर

मधे चार ओळीही लिहिल्या नाहीत. ताप होता. साळूबाईनं भात आणि पिठलं आणून दिलं. तापात बया उशाशी बसली होती. तिच्या मिश्रीचा वास आला. माझ्या पलीकडे दाराकडे बघत होती, कोणी यायचं असल्यासारखं. मी म्हणालो, 'बया, पुन्हा पेरतो.' तिनं मानही वळवली नाही.

आता एक प्रश्न मनातून जात नाही. कावळा शिवला म्हणजे सुटली. सुटली तर मग कावळा रोज येतो कशाला?

२२ डिसेंबर, रविवार



आज केर टाकायला उकिरड्यावर गेलो. महिनाभर तिकडे गेलो नव्हतो, केर दारातच जाळत होतो. उकिरडा आमच्या आणि साळूबाईच्या कुंपणाच्या मागे आहे. तिथे परडं उगवलंय.

उकिरडा दिसतच नाही, सगळा हिरवा. मेथीत मुळा, मुळ्यात शेपू, कोथिंबीर, गाजराची झालर, वांग्याची रोपं, हरभऱ्याचं दाट रान, पावट्याचा वेल कुंपणाच्या काट्यांवर चढलेला. सगळं एकात एक. लाईन नाही. बयाच्या हातचं, जसंच्या तसं. जे मी उपटून जाळलं ते सगळं पलीकडे जाऊन उभं राहिलंय.

मी पेरलं नाही. कोणी पेरलं? पाणी कोणी घातलं?

साळूबाईला विचारलं. ती म्हणाली, 'मी रोज भांड्याचं पानी तिकडंच टाकतीया की. तुमास्नी ठावं न्हाई?' हे तिचं म्हणणं. भांड्याच्या पाण्यानं भांडी उगवत नाहीत, तशी भाजीही उगवत नाही. बी कुठून आलं?

बया माझ्या परड्यात नाही. तिनं आपलं दुसरं परडं मांडलंय. माझ्यावर तिचा भरवसा राहिला नाही. कावळाही आता तिकडच्या काट्यावरच बसतो.

२५ डिसेंबर

उकिरड्याला लांबून हळदकुंकू टाकलं. आत पाय ठेवला नाही. एक पान तोडलं नाही. मेलेल्यांच्या बागेतलं खाल्लं तर काय होतं ते कोणाला विचारू?

केर आता परत दारातच जाळतो.

३१ डिसेंबर, मंगळवार

डायरीचं शेवटचं पान. वर्षाचा हिशेब म्हणून काही लिहावं. काय लिहू? शब्द दिला होता, राखला नाही. राखला नाही हे वाक्य खोडणार होतो, पण रबर सापडत नाही. आणि हे पेनानं लिहिलंय.

नवीन वर्षापासून पहाटे पाचला उठणे. परड्यात पुन्हा नांगरट. भोगीला दोन आठवडे आहेत. मेथी तेवढ्यात येते असं पाकिटावर लिहिलंय.

१३ जानेवारी १९७५, भोगी. दुपारी

नवी डायरी मिळाली नाही. जुन्या जानेवारीची पानं कोरी आहेत, त्यावर लिहितो. छापलेला वार जुळत नाही. या पानाच्या खऱ्या दिवशी बया चुलीपुढे बसली होती, आणि मी पेन शोधत होतो.

पाकिटावर लिहिलंय तसं झालं नाही.

सकाळी बाजरीच्या तिळाच्या भाकरी फडक्यात बांधून मनुबाई आली. भाजी मी घरचीच करणार असा शब्द दिलाय म्हणून तिला सांगून ठेवलं होतं. तिनं परडं बघितलं, मग मला बघितलं. मग सरळ मागे गेली. मी ओरडलो, 'मनु, तिकडं जाऊ नगंस! त्ये बयाचं हाय!' ती म्हणाली, 'व्हय की. आक्काचंच हाय.' आणि उकिरड्यावर चढून खुशाल मुळा उपटायला लागली. मेथी खुडली, हरभऱ्याचा पाला खुडला, कोवळी गाजरं ओढून काढली. पावट्याला अजून फुलंच होती, तिथे हात लावला नाही. मी कुंपणाच्या अलीकडे उभा. पाय पुढे होईना.

ओटीत भाजी घेऊन आली आणि विचारलं, 'दाजी, आक्काची राखंची गाडगी कुटं गेली?'

मी म्हणालो, ओतली. उकिरड्यावर.

तिनं कपाळाला हात लावला. मग हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, 'आवं, राखंत बी ठेवत्यात. कीड लागू ने म्हणून. अंबी सा वर्साची हुती तवापासनं तिच्यासंगं राख चाळत बसायची. तुमास्नी संसार करून यवढी वर्सं झाली, कवा गाडगं उघडून बघितलंसा न्हाई?'

मी म्हणालो, गाडगी बायकांकडे असतात.

म्हणजे बी मीच पेरलं. उकिरड्यावर उगवलेलं सगळं माझ्या हातचं आहे. मी हे मनुबाईला लगेच सांगितलं. म्हणजेच शब्द राखला गेला. कावळ्याला परडं राखतो म्हणालो होतो, राखलं. जागा थोडी चुकली इतकंच. ती भाजी चिरत होती. हात थांबला. म्हणाली, 'कसला शबूद?'

मी घाटावरची गोष्ट सांगितली. 'तुझं परडं मी राखीन' म्हणालो आणि कावळा आला.

मनुबाईनं विळी बाजूला सारली. म्हणाली, 'दाजी, तुमी परड्याचं बोलला तवा कावळा झाडावरच हुता. तुमी डोळं मिटलं हुतं. मी मागं पायरीवर हुबी हुती, अंबीचा हात धरून. मी म्हनलं, आक्का, तुझ्या अंबीला तिच्या बापाच्या दारात आनून हुबी करीन, आता जा. तवा आला त्यो.'

मी म्हणालो, खोटं. ती म्हणाली, 'साळूबाईला इचारा. सगळ्या घाटाला ठावं हाय. तुमास्नी कुनी सांगितलं न्हाई, यवढंच.'

भाजी चांगली झाली होती. मुळा थोडा जून होता. मी दोनदा वाढून घेतली. मनुबाई जेवली नाही, चुलीपुढे बसून राहिली. जाताना म्हणाली, 'मी अंबीला दोन कागद घातलं. ती म्हनतीया, आबांनी बोलावलं तर यीन. माझा शबूद तुमच्यापाशी अडकलाय. आन् आक्काबी.'

१४ जानेवारी, संक्रांत

साळूबाई तिळगूळ द्यायला आली तेव्हा विचारलं. तिनं खाली बघितलं आणि म्हणाली, 'व्हय.'

तरीही काही मुद्दे आहेत. एक, मी मोठ्यानं बोललो होतो, मनुबाई पुटपुटली. कावळ्याला काय ऐकू गेलं असेल? दोन, कावळ्याला उडून यायला वेळ लागतो. माझं ऐकून निघाला असेल आणि मनुबाईच्या बोलण्याच्या वेळी पोचला असेल. तीन, डोळे मी भक्तीनं मिटले होते.

चौथा मुद्दा सुचत नाही.

सकाळी कावळा उकिरड्यावर नव्हता. पुढच्या दारी होता, उंबऱ्यासमोर अंगणात. तापात बया बघत होती तिकडेच. मी त्याला हे तिन्ही मुद्दे सांगितले. मान तिरकी करून ऐकले. गेला नाही.

१५ जानेवारी. सकाळी

मुळ्याला फुलं यायला लागली आहेत. आता डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, धरतील, बी होईल. कोणता मुळा खायचा आणि कोणता बियाला सोडायचा, मला कळत नाही. मनुबाईला विचारलं तर म्हणाली, 'आक्कानं जिला शिकवलंय तिला इचारा.' चिंधी बांधायची असते हे आता कळलंय. बयाच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडून ठेवली आहे. बांधायची कोणत्या झाडाला, तो प्रश्न आहे.

कार्ड लिहिणार आहे. आधी इथे कच्चं लिहून बघतो, म्हणजे कार्डावर खाडाखोड होणार नाही. हे पत्र फक्त भाजीसंबंधी आहे.

चि. अंबूस आबाचे आशीर्वाद. पत्राला उशीर झाला, कारण पेन सापडत नव्हतं. इकडे सर्व ठीक. तुझ्या आईचं परडं चांगलं आलं आहे. जागा बदलली आहे, ती आल्यावर दिसेल. मी 'आल्यावर' लिहिलंय, पण 'ये' असं माझं म्हणणं नाही. तुझ्या आईचं आहे, असं इथे सगळे म्हणतात. बियाला कोणतं झाड सोडायचं ते मला येत नाही. मुळा थांबणार नाही. राख चुलीत आहे, गाडगी धुऊन ठेवली आहेत. कृष्णातरावांना सांग, पोती मोजली हे खरं आहे. जेवायला या म्हणावं.

एक कावळा रोज सकाळी दारात येऊन बसतो. माझ्या कोणत्याही बोलण्यानं जात नाही. त्याला काय सांगू, तेवढं लवकर कळव.